खोडलेलं ‘समजते’

२८ एप्रिल, सोमवार

शाळेतली नोकरी सोडल्यापासून बोलणं म्हणजे दूधवाला, गॅसवाला आणि बँकेतली बाई. आज पुन्हा माईकसमोर बसले. आकाशवाणीवर हंगामी निवेदिका होते तेव्हा बातमीचा कागद चार हातांतून तपासून यायचा. इथे रूपाली नावाची मुलगी मोबाईलवरून काहीतरी उतरवते आणि तसंच पुढे सरकवते. शरणपूर रोडला एका दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीच्या भिंतींना काळा स्पंज, एवढंच ऑफिस. यूट्यूब चॅनलचं नाव ‘वज्रवार्ता’. मालक रोहित, चौतिशीचा, आधी फ्लॅट विकायचा. अजून तसाच बोलतो, बातमीलाही ‘लोकेशन’ असतं त्याच्या.

काश्मिरात माणसं गोळ्या घालून मारली त्याला आठवडा होत आला. त्यावरचा मजकूर हातात आला. ‘हल्यात’, एका ल ने. ‘मृत्यूमुखी’, दीर्घ. इतकी माणसं गेली आणि आपल्याला त्यांच्यासाठी एक धड वाक्य लिहिता येत नाही, याची शिसारी आली. लाल पेन घेऊन अख्खं पान सुधारलं.

रोहितला आजच सांगून टाकलं, “मी फक्त वाचणार. काय दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा. भाषा मात्र माझ्या हातात राहील.”

“मॅडम, भाषा तुमचीच,” तो म्हणाला. “तुमच्या आवाजाला वजन आहे. तेच पाहिजे आपल्याला.”

३ मे, शनिवार

खालच्या मजल्यावर ललिता राहते. विहितगावातल्या या इमारतीत अर्ध्या खोल्या फौजेतल्यांच्याच आहेत, देवळाली जवळ म्हणून. तिचा नवरा सुनील तोफखान्यात हवालदार आहे, सध्या जम्मूकडे. माहेर-सासर दोन्ही नांदगाव तालुक्यातलं. लग्नाला दीड वर्ष झालं. नवरा परतेपर्यंत इथेच थांबणार म्हणते, गावाकडे फोनला धड रेंज नसते.

आज शेवग्याच्या शेंगा द्यायला वर आली. तिला माझ्या बातम्या पाठ आहेत. भाकरी थापताना मोबाईल डब्याला टेकवून लावते.

“दुसऱ्यांचं मी लावतच नाय ताई. ते नुसते वरडतात. तुमी सांगता.”

बरं वाटलं. बावीस वर्षं मराठी शिकवलं, एकाही मुलाने असं कधी म्हटलं नव्हतं.

७ मे, बुधवार

रात्रीत हल्ला झाला. आपण केला. सकाळी ऑफिसात पोचले तर रोहितने जिलबी आणलेली. पाकाच्या बोटांनी तो मोबाईलवर स्फोट पुढे-मागे करत होता आणि प्रत्येक वेळी भिंत कोसळली की “बघा, बघा” म्हणत होता. रूपालीने मजकूर दिला, त्यात ‘बेचिराख’ सात वेळा. मी पाच खोडले. पुढे काही मोठं झालं तर वापरायला काय उरेल?

दुपारी सगळीकडे भोंगे वाजवून हवाई हल्ल्याचा सराव झाला. आमच्या इमारतीतले लोक भोंगा वाजताच आत जायचं सोडून गच्चीवर गेले, व्हिडिओ काढायला.

ललिताने जिन्यात गाठलं. सुनीलचा फोन कालपासून बंद आहे.

“बंद म्हणजे कामावर,” ती स्वतःच म्हणाली. “ते सांगून गेल्यात, बंद लागला तर घाबरायचं नाय. आनि आमची तोफ लय मागं असते म्हणतात.”

“मग झालं तर,” मी म्हटलं.

८ मे, गुरुवार

आज दिवसभर एकच शब्द वाचला, प्रत्युत्तर. त्यांनी मारलं, आपण प्रत्युत्तर दिलं, त्यांनी प्रत्युत्तराला प्रत्युत्तर दिलं, आता आपण चोख देणार. शब्दाचा पार चोथा झाला. कुणी आधी मारलं हे विचारायला जावं तर दोघेही मागे मागे नेतात आणि शेवटी आपण जन्मलोही नव्हतो अशा सालात नेऊन सोडतात.

रूपाली एका जळत्या विमानतळाचं चित्र लावत होती. कोपऱ्यातली पाटी मला दिसली, लिपी ना आपली ना त्यांची.

“हे कुठलं गं?”

“मॅम, आग आगच असते,” ती म्हणाली. स्क्रीनवरून नजर काढली नाही.

चित्रं माझं काम नाही.

त्यानंतर ‘अणुबॉम्ब पडला तर नाशिकपर्यंत काय पोचेल’ असा एक भाग. नकाशावर लाल वर्तुळं, इगतपुरी, सिन्नर, मग आपण. मधोमध गंगापूर रोडच्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात, तरणतलावासकट. असला ओंगळपणा आयुष्यात पाहिला नाही. ‘किरणोत्सर्ग’ तेवढा नीट लिहून घेतला आणि वाचला.

घरी येताना नाशिकरोडला उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबले. तिथे मोबाईलवर मीच चालू होते. चरक बंद करून सहा-सात माणसं ऐकत होती, हातात ग्लास तसेच. मी कोण ते कुणाला माहीत नव्हतं. माझं वाक्य संपेपर्यंत कुणी हललं नाही. मला लाज वाटली नाही. खरं तेच लिहायचं तर उलटच वाटलं.

९ मे, शुक्रवार

रूपालीने दुपारी एक ओळ आणली. “नांदगावकडील एक जवान शहीद झाल्याची शक्यता वर्तवली जात असल्याचे समजते.”

वैशाखाच्या उन्हात चार स्वेटर घालून निघालेलं वाक्य. विचारलं, “कुठून आलं?”

“ग्रुपवर आहे मॅम. दोन ग्रुपवर.”

“सकाळपासून फिरतंय,” रोहित आतून म्हणाला. “दुसऱ्यांनी टाकायच्या आत टाकू. मॅडम, तुम्ही जरा हात फिरवा त्याच्यावर.”

मी हात फिरवला. ‘शक्यता’ खोडली, ‘वर्तवली जात’ खोडलं, ‘असल्याचे समजते’ खोडलं. मराठीत मरणाची बातमी अशी आडून देत नाहीत. वर लिहिलं, “नांदगावच्या मातीने आज आपला एक पुत्र गमावला.” एका टेकमध्ये झालं. ‘गमावला’च्या आधी अर्धा श्वास थांबले. रोहितच्या डोळ्यांत पाणी. रूपालीने पाठीमागे बासरी लावली, ती मी काढायला लावली. एवढं तरी.

सुनील मनात आला, नाही असं नाही. पण नांदगाव तालुका मोठा आहे, आणि तोफ मागे असते असं ललिताच सांगते.

संध्याकाळी ती वर आली. चप्पल एकाच पायात.

“ताई, तुमी बोलल्या ते कोण? नाव काय त्याचं?”

“नाव नाही आलं अजून.”

“कुठल्या गावचा?”

“तेही नाही. काळजी करू नकोस. तालुक्यात किती पोरं फौजेत आहेत.”

“आमच्या गावातून हे एकटेच,” ती म्हणाली. “बाकीचे म्हणतात समजतंय, कळतंय. तुमी तसं नाय बोलल्या. म्हणून इचारते.”

तेव्हा सांगता आलं असतं की दोन ग्रुपच्या पलीकडे आमच्याकडे काही नाही. मी तिला पाणी दिलं. ती न पिता गेली.

१० मे, शनिवार

सकाळी खाली कुलूप. शेजारीण म्हणाली, चुलतदीर जीप घेऊन आला आणि तिला गावी घेऊन गेला. तिचा फोन लागत नाही.

ऑफिसात रूपालीने मोबाईल पुढे केला. गावातल्या चौकातला फ्लेक्स. गणवेशातला सुनील, खाली ‘अमर रहे’, त्याच्याहून मोठा एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. त्याखाली माझं वाक्य. नांदगावच्या मातीने आज आपला एक पुत्र गमावला. अवतरणचिन्हंसुद्धा बरोबर.

रोहितला म्हटलं, “फौजेकडून काही आलंय का? खात्री कर. नाहीतर आत्ताच्या आत्ता खुलासा टाक.”

“आपण नाव कुठे घेतलं मॅडम? नाव त्यांनी लावलं. आपण कशाचा खुलासा करायचा?”

“मी शक्यता खोडली होती.”

“हो मॅम,” रूपाली हळूच म्हणाली. “मी ‘समजते’ लिहिलं होतं. माझ्याकडे मूळ आहे.” म्हणजे मुलीने ते जपून ठेवलं होतं. तिच्या या हुशारीची किळस आली, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की किळस करायला समोर दुसरं कुणी नव्हतं म्हणून ती तिच्यावर निघाली.

संध्याकाळी गोळीबार थांबवल्याचं जाहीर झालं. मला वाटलं, निदान आता हायसं वाटेल. रोहित खुर्चीत पाय पसरून बसला. “अजून आठवडाभर चाललं असतं,” म्हणाला, “आपण कुठच्या कुठे गेलो असतो.” त्याच्या तोंडावरचं दुःख खरं होतं. घरात कुणी गेल्यासारखं. रात्रीचा मजकूर मी वाचला नाही. घसा बसल्याचं सांगितलं.

११ मे, रविवार

सकाळी ललिताचा फोन.

“त्यांचा फोन आला. बरे हायेत.”

“ललिता, अगं—”

“ठेवते,” म्हणाली. आनंद नाही, राग नाही. आवाजात काहीच नव्हतं.

मूर्खासारखं मी लगेच रोहितला कळवलं, आता तरी खुलासा दे म्हणून. तासाभरात तो गाडी घेऊन माझ्या दारात. “मॅडम, ही बातमी आहे. शहीद जिवंत निघाला. कॅमेऱ्यावर तिचा बाईट तुम्हीच घ्यायचा, तुमची शेजारीण आहे.” माफी मागायला जायचंच आहे, मग गाडीनेच जाऊ, अशी मी माझी समजूत घातली. माईक मांडीवर घेऊन बसले.

गावात श्रद्धांजलीचा मांडव तसाच होता. कालचाच मांडव, कालचेच लोक, आज पेढे. तोच पुढारी, तोच झब्बा. फ्लेक्स काढून कांद्याच्या ढिगावर पालथा घातला होता, वारा आला की सुनीलचा खांदा दिसायचा. कुणीतरी फटाके लावले.

ललिता आतल्या खोलीत. हाताला बँडेज, कपाळ कोरं. तिने सांगितलं ते तसंच लिहिते.

“मी म्हणत होते फौजेचा फोन नाय आला, थांबा. कोन ऐकतं. चुलतसासूनं हात धरला आनि दगडावर आपटला. बांगड्या फुटल्या त्या मनगटात घुसल्या. कुंकू पुसलं ते पदरानं नाय, मातीच्या हातानं पुसलं. मोबाईलमधे लावून ठेवलं होतं तुमाला. परत परत लावत होते.”

आज त्याच बायका नवा चुडा घेऊन आल्या होत्या. तिने एकीलाही हात धरू दिला नाही.

रोहित दारातून म्हणाला, “मॅडम, लाईट जातोय.”

मी बाहेर आले आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. “नऊ तारखेची आमची बातमी खोटी होती. आम्ही खात्री केली नव्हती. मजकुरातली शक्यता मी माझ्या हाताने खोडली. या घराची मी अपराधी आहे.” शेवटी डोळ्यांतून पाणी आलं. ते आवरायला हवं होतं.

रोहित म्हणाला, “झकास.” तेव्हाच ओळखायला हवं होतं.

१२ मे, सोमवार

पाहिलं. माझं एकही वाक्य ठेवलेलं नाही. फक्त मी रडतेय, त्यावर पेढे, त्यावर फटाके, त्यावर रूपालीचा आवाज, ‘मृत्यूलाही हरवून परतलेल्या वीराच्या गावी आमच्या प्रतिनिधीलाही अश्रू अनावर’. बासरी आहे. आमच्या चॅनलवर आजवर सर्वांत जास्त पाहिलं गेलेलं हेच.

फोन करून काम सोडलं. रोहित म्हणाला, थोडी सुट्टी घ्या मॅडम, तुम्ही मनाला लावून घेता.

१५ मे, गुरुवार

काल ललिताचा फोन आला. “सासू जेवत नाय. फोनवर बोलली त्यांच्याशी, तरी म्हणते हा दुसराच कोन तरी, त्याचा दोस्त आवाज काढतोय. मोबाईलवरची बाई खोटं कशाला बोलंल म्हणते. तुमी तोंडानं बोलल्या, आता तोंडानंच सांगा येऊन.”

सकाळच्या गाडीने नांदगाव, तिथून काळी-पिवळी जीप. मांडव उतरला होता. ललिताची सासू, साळूबाई, ओसरीवर भिंतीला टेकून. आदल्या दिवशी तालुक्याला नेऊन सलाईन लावलं होतं. म्हातारीला नवरा नाही, हा एकच मुलगा.

“मावशी, मी नाशिकची मोहिनी. ती बातमी मी सांगितली होती.”

“वळखलं,” त्या म्हणाल्या. “आवाज त्योच हाय.”

“ती खोटी होती. आम्हाला काही माहीत नव्हतं. तुमचा सुनील जिवंत आहे, धडधाकट आहे.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेच पुन्हा सांगायला गेले तर आवाज कापायला लागला. इतक्या वर्षांत माझा आवाज कधी कापला नव्हता.

“तवा रडली नव्हतीस,” साळूबाई म्हणाल्या.

“नाही.”

“तवा कसं सरळ सांगितलंस. एक शबूद हालला नाय. आता गळा हालतोय तुझा.”

“मावशी, मी खरं सांगतेय.”

“खरं सांगताना तुझा गळा हालत नाय,” त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. “ललिते, हिला चा दे. लांबून आली समजूत घालाया.”

चहा घेतला. ललिता मोटारीपर्यंत सोडायला आली नाही.

४ जून, बुधवार

सुनील मेच्या शेवटी रजेवर आला. म्हातारीने त्याला अंगणात उघडा बसवून पाठीवरचा लहानपणचा भाजल्याचा डाग हाताने चाचपला, मगच त्याच्या हातून भाकरी खाल्ली. हे त्यानेच सांगितलं, हसत. आज ते दोघे विहितगावची खोली सोडायला आले होते. ललिता आता सासूजवळ राहणार.

सुनील वर आला, पाया पडला. ती बातमी कुणी वाचली हे त्याला माहीत नाही, ललिताने सांगितलेलं नाही.

“ताई, तुम्ही हिला सोबत केली म्हणून बरं. इथे एकटीच होती.” मग म्हणाला, “लोक विचारतात, किती मारले. आमच्या समोरच्या डोंगरावर त्यांचं एक गाव आहे. मारा सुरू व्हायच्या आदल्या सकाळी दुर्बिणीतून एक बाई गोधड्या वाळत घालताना दिसली होती. नंतर तिकडे गोधड्या नव्हत्या. आमच्याकडच्या गावातही तसंच. दोन्हीकडून सुरू होतं. कोणी सांगत नाही ते.”

मी त्याला बसा म्हणाले.

तो खाली टेम्पोवाल्याशी बोलायला गेला. ललिता मागे राहिली. हातात अजून बांगड्या नाहीत, घड्याळ बांधलंय. मनगटावर तांबडी रेघ.

“ताई, तुमी वाईट नाय,” ती म्हणाली. “माझा राग पन गेला आता. पन तुमी जिन्यात कोनाशी बोलल्या ना, दूधवाल्याशी बोलल्या तरी, माझ्या पोटात ढवळतं. आज आल्या आल्या पन झालं. ओकारी येते. मी काय करू त्याला? म्हणून खोली सोडते. सासूचं निमित्त हाय.”

माझ्या तोंडाशी आलं ते मी आतच ठेवलं. मान हलवली. तिची कॉट, शेगडी, डबे, दोन गाद्या खाली न्यायच्या होत्या. सुनील एका बाजूने, मी एका बाजूने. तो म्हणायचा, ताई जपून, ताई पायरी, आणि मी नुसती मान डोलवायची. टेम्पो गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.